शून्य ताण कुठल्या तापमानाला

ऑफिसात सासऱ्यांना ‘सर’ म्हणायचं आणि घरी ‘बाबा’, हा आमच्याकडचा नियम. केला कुणी? अर्थात त्यांनीच. हावड्याला त्यांचा कारखाना आहे. टर्बाइनच्या धातूच्या पात्यांवर सिरॅमिकचा लेप फवारून देतात. तो लेप उष्णतेत टिकेल का, हे आधी कॉम्प्युटरवर तपासायचं काम माझं. कोलकात्यात बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये नाश्त्याला हाच विषय, गाडीत हाच, ऑफिसात तर हाच. जीव नुसता गुदमरतो हो!

तपासायची पद्धत काय, तर सरांनी पूर्वी केलेलं मॉडेल उघडायचं, मापं बदलायची आणि पुढे पाठवायचं. परवा त्यात नीट पाहिलं, तर लेपावरचा ताण शून्य धरलाय तो खोलीच्या तापमानाला. अहो, लेप बसतो तापलेल्या पात्यावर! ताण नसतो तो तेव्हा. मग थंड होताना धातू जास्त आकसतो, सिरॅमिक कमी, आणि दोघं चिकटलेले, सुटणार कुठे? लेप दाबला जातो. मी खरं तापमान घातलं आणि स्क्रीनवर पात्याची कड लालभडक झाली, म्हणजे ताण तिथे हद्दीबाहेर. मशीन बंद होऊन थंड झालं की तिथूनच पोपडे निघणार.

"बाबा, मॉडेल चुकलंय," मी आज नाश्त्यालाच सांगितलं.

"ऑफिसचं ऑफिसात," म्हणाले आणि पोहे खात राहिले. माझा नवरा अनीश, तोही याच ऑफिसात, पेपरात तोंड खुपसून बसला. याचाच मला फार राग येतो.

मीटिंगला आमच्याकडून पाती लेपून घेणाऱ्या वीजकंपनीच्या इंजिनियर सुचित्रा घोष आल्या. सरांनी मी सकाळी पाठवलेलं ते लाल चित्रच पडद्यावर लावलं! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, चला, ऐकलं एकदाचं! आणि मग ते हिंदीत म्हणाले, "जुन्या मॉडेलमध्ये कालिंदीची चूक होती, मी पकडली. यापुढे तिचं प्रत्येक काम मी स्वतः तपासीन."

माझी कानशिलं तापली. सुचित्राबाईंनी नवख्या पोरीकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. अनीशला सगळं ठाऊक होतं, तरी तो टेबलाकडे बघत होता. अशी चूक नावावर लागली की मला दुसरीकडे कुणी दारात उभं करणार नाही. म्हणजे इथून बाहेर पडायची वाटच बंद. आणि तोंड उघडलं, तर जेवायला याच माणसासमोर बसायचंय. काय करावं माणसानं?

"बाबा," मी म्हणाले. ऑफिसात पहिल्यांदाच. आणि मराठीत नाही, सगळ्यांना कळेल अशा हिंदीत. "ते मॉडेल तुम्ही केलंत तेव्हा मी शाळेत होते."

मग सुचित्राबाईंनी ते कुठल्या वर्षीचं आहे, असं सरळ बाबांनाच विचारलं. त्यांनी सांगितलं. खरं सांगितलं.

संध्याकाळी खाली आले, तर बाबा पुढच्या सीटवर बसलेले, अनीश मागे. बालीगंजला जायला गाडी एकच. अनीशनं सरकून जागा केली आणि मी आत बसले.