गवताच्या गाडीचा दोर

सकाळी सकाळीच दोरावरून भांडण पेटलं.

"गवताच्या गाडीचा दोर कुठाय?" आईनं गोठ्यातून विचारलं.

पोरगी दप्तरात वह्या कोंबत होती. मान वर न करता म्हणाली, "असेल की तिथंच."

"तिथंच म्हणजे कुठं? भिंतीवर नाही, गाडीत नाही. म्हशीनं गिळला म्हणू का?"

"गिळलाही असेल. तिचं काय सांगावं!"

"तिला बोलायचं काम नाही हां! ती दूध देते. तू काय देतेस? उत्तरं!"

बाप उंबऱ्यात बसून विळ्याला धार लावत होता. मिशीतल्या मिशीत हसत तो म्हणाला, "शाळेत असेल. परवा खांद्यावर टाकून नेताना बघितला मी."

"बघितला आणि गप्प बसलात?"

"मला वाटलं, तुला विचारून नेतेय."

"तुम्हाला नुसतं वाटतच असतं." आई कमरेवर हात ठेवून पोरीसमोर उभी राहिली. "हे बघ बाळे, उद्या गवत आणायचंय. गवताला दोर लागतो, म्हशीला गवत लागतं आणि आपल्याला म्हैस लागते. एवढं कळतं का तुझ्या शाळेत?"

"संध्याकाळी आणते म्हटलं ना!"

"काल पण हेच म्हणाली होतीस."

पोरगी तोवर फाटकाबाहेर पडली होती. चालताना तिच्या पावलांनी धप धप आवाज होत होता, आणि गंमत अशी की, आता तिला त्याची लाज वाटत नव्हती.

वर्षभरापूर्वीची गोष्ट वेगळी होती. ही पोरगी म्हणजे हाडापेरानं दणकट. उंची बापाची, खांदे आजोबांचे, आणि वजनाचं कुणाकडून आलं ते देव जाणे. वर्गात तिला 'पोतं' म्हणायचे. एकदा तिच्याखाली बाक मोडला तेव्हा गुरुजीसुद्धा हसले होते. तेव्हापासून ती बाकाच्या टोकाला अर्धी टेकून बसायची, उरलेला अर्धा भार पायांवर तोलून. रस्त्यानं जाताना भिंतीला चिकटून जायची. बोलायची तर इतकं हळू, की तिचं बोलणं तिलाच परत विचारावं लागे.

मग शाळेत खेळाच्या नव्या बाई आल्या. त्यांनी रस्सीखेच सुरू केली. मुलींची रांग लावली, प्रत्येकीकडे नीट पाहिलं आणि हिला म्हणाल्या, "तू सगळ्यात मागं."

मागंच असणार, हिच्या मनात आलं. आपली जागा दुसरी कुठली?

"मागं म्हणजे मुळाशी गं," बाई म्हणाल्या. "पुढच्या सातजणी डगमगतील. तू हलायचं नाहीस." त्यांनी दोराचं टोक तिच्या काखेखालून घेऊन पाठीवरून खांद्यावर आणलं आणि टाचा मातीत कशा रोवायच्या, अंग मागं कसं टाकायचं ते दाखवलं. त्या दिवशी आठ मुलींनी वरच्या वर्गातल्या मुलांना रेघेपलीकडं फरफटत आणलं. ज्यानं 'पोतं' हे नाव ठेवलं होतं, तोच पुढं तोंडघशी पडला. तेव्हापासून तिचं नाव पडलं खुंटा. आणि खुंटा रस्त्याच्या मधून चालायला लागला. बाकावर पूर्ण बसायला लागला. वर्गात हात वर करायला लागला, कधी कधी उत्तर येत नसतानाही.

त्यांच्यात नववी एक होती, पिपाणी. काडीसारखी पोरगी, दोराला लटकली तर दोरालाच कळायचं नाही. आवाज मात्र पत्र्याला भोक पाडेल असा. म्हणून हाळी द्यायचं काम तिचं. ती आठजणींच्या समोर, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहायची आणि ओरडायची, "धरा! टेका! हाऽऽन्... ओढ!" त्या 'ओढ'ला आठ पाठी एकदम मागं जायच्या.

बाईंची एक तऱ्हा होती. सराव सुरू झाला की त्या मुलांना पत्र्याचे डबे बडवायला लावायच्या. शिट्या, आरोळ्या, नावं घेऊन चिडवणं, सगळ्याला मुभा. "स्पर्धेत याच्या दसपट गोंगाट असतो," बाई म्हणायच्या. "तुमच्या कानांना एकच आवाज कळला पाहिजे, पिपाणीचा. बाकी सगळे डबे."

खुंट्याला ते इतकं जमलं होतं, की दोर खांद्यावर आला की जग मिटायचं. वर आभाळ आणि कानात पिपाणी, बस्स. स्पर्धा पुढच्या आठवड्यात होती. या खेपेला जिंकायचंच म्हणून शाळेचा जुना सुटत चाललेला दोर ठेवून घरचा नवा आणला होता.

दोरावरून भांडण झालं त्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. गावाबाहेरचं तळं आटून मधोमध थाळीएवढं उरलं होतं आणि भोवती चिखल. वरून दुधाच्या सायीसारखा धरलेला, आतून भुसभुशीत. दुपारी म्हैस पाण्याच्या ओढीनं त्या सायीवर गेली आणि पोटापर्यंत रुतली.

मैदानावर सराव रंगात आला होता. डबे वाजत होते. बाई आत कचेरीत गेल्या होत्या. तेवढ्यात आई धावत आली. पायात चपला नाहीत, केस सुटलेले.

"दोर! अगं, दोर दे! म्हैस रुतली!"

ती मागायला आली होती दोर. घेऊन निघाली दोरासकट नऊ पोरी.

तळ्यावर बाप कमरेइतक्या चिखलात म्हशीला लगटून उभा होता. तिची मान थोपटत होता. म्हैस नाकपुड्या फुगवून जोरजोरात श्वास टाकत होती. माणसं सगळी लांबच्या रानात कामाला गेलेली, हाकेच्या टप्प्यात कुणी नव्हतं. बापानं दोराचं टोक घेतलं, चिखलात हात घालून म्हशीच्या छातीभोवती वळसा दिला आणि घाईघाईनं गाठ मारली.

"माणसं बोलवायला हवीत," आई म्हणाली. "तुम्हा पोरींना झेपायचं नाही."

"आई, आम्ही अख्ख्या वर्गाला ओढलंय," खुंटा म्हणाला. दोर खांद्यावर चढलासुद्धा होता. "ही तर एकटीच आहे!"

पोरी हसल्या. बापही हसला, चिखलातून. त्याच्या अंगात बळ आलं. "बरं, पण हळू हळू. मी सांगेन तसं," तो म्हणाला.

काठावर कडक जमीन होती. पोरींनी टाचा रोवल्या. पिपाणी नेहमीच्या जागी उभी राहिली, पोरींकडे तोंड आणि म्हशीकडे पाठ.

"धरा! टेका! हाऽऽन्... ओढ!"

दोर ताठ झाला. चिखलानं एक घोट गिळल्यासारखा आवाज केला. काही हललं नाही.

"ओढ!"

दोर वीतभर आला. पिपाणीनं तो पोरींच्या हातांत सरकताना पाहिला आणि तिच्या आवाजाला धार चढली. "येतंय गं! येतंय! सोडू नका! ओढ! ओढ!"

खुंटा पार मागं कलला होता. डोळ्यांपुढं पांढरं आभाळ. खांद्यावर आग. टाचांखाली जमीन. पुढं कुठंतरी कुणीतरी ओरडत होतं, एक बाईचा आवाज, एक पुरुषाचा, पण ते डबे होते. डबे वाजतातच. सोडायचं नाही. एकदा सैल पडलं की समोरचा संघ जीव धरतो, बाईंनी हजारदा सांगितलं होतं.

"ओढ! आलं! ओऽऽढ!"

आणि एकदम सगळं सुटलं. चिखलानं हार मानली. दोर सरसरत आला, आठही पोरी पाठीवर पडल्या आणि जिंकल्यावर करतात तसा गलका त्यांनी केला. कुणी हात वर उडवले, कुणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. खुंटा आडवाच हसत होता, छाती भात्यासारखी हलत होती. आजच्याइतका जोर तिनं कधीच लावला नव्हता.

मग पिपाणीनं मागं वळून पाहिलं आणि तिचा आवाज बसला.

म्हैस काठावर होती. संपूर्ण बाहेर. दोर छातीवरून सरकत मानेवर आला होता आणि मांसात रुतला होता. बाप गुडघ्यांवर रांगत आला. गाठ सोडायला लागला, पण बोटं चिखलानं निसटत होती. "सैल म्हणत होतो," तो पुटपुटत होता, "सैल सोडा, सैल सोडा म्हणत होतो मी..."

आईनं म्हशीच्या नाकपुडीपुढं तळवा धरला. धरूनच ठेवला. बराच वेळ. मग तो तळवा हळूच तिच्या कपाळावर ठेवला.

घरी खुंटा भिंतीला टेकून बसला होता, पुन्हा अंग चोरून, अर्धा.

"मी तिला तळ्याकडं सोडायलाच नको होतं," शेवटी आई म्हणाली.

"गाठ मी मारली," बाप म्हणाला. "सरकफास बसला. घाई केली."

"मी ऐकलं नाही," पोरगी म्हणाली.

"ऐकू आलं नसेल."

"आलं होतं, बाबा. मला वाटलं, डबे आहेत."

बापाला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं तिच्या खांद्यावरचा दोराचा वळ पाहिला, त्यावर तेल चोळलं आणि तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी बापानं रानाच्या कडेला खड्डा खणला. म्हशीला तिथवर न्यायचं कसं, हा प्रश्न होता. न बोलावता पोरी आल्या. खाली माना घालून रांगेत उभ्या राहिल्या. पिपाणीच्या घशातून आवाज फुटेना, तेव्हा हाळी बापानं दिली. "ओढा. थांबा. दम घ्या. आता जरा सैल. हां, पुन्हा." रस्ताभर तो त्यांना थांबवत होता. आदल्या दिवशी जे कुणाच्या कानी गेलं नाही, ते सगळं त्या मेलेल्या म्हशीसाठी सांगत होता. खड्ड्याशी पोचल्यावर कुणी पाठीवर पडलं नाही.

खुंटा शाळेला गेला नाही. बाई घरी येऊन गेल्या. स्पर्धेचं नाव त्यांनी काढलं नाही, तरी ते सगळ्यांना ऐकू आलं. गोठ्यात म्हशीची जागा झाडून ठेवलेली. सकाळचा चहा आता काळा होता.

अशीच एक सकाळ. आईनं दोर धुवून, वाळवून, वेटोळं करून पोरीच्या मांडीवर टाकला.

"ऊठ. घेऊन जा."

"तुला लागेल ना?"

"मला?" आई चुलीकडं वळली. "म्हैस नाही, मग गवत नाही. गवत नाही, मग दोर कुणाला लागतोय? ने. आता कायमचाच ने."

पोरगी उंबऱ्यात रेंगाळली. संध्याकाळी आण म्हणेल, उत्तरं देऊ नकोस म्हणेल, काहीतरी म्हणेल. आई लाकडं सारखी करत राहिली.

मैदानावर पोरींनी दोराचं दुसरं टोक झाडाला बांधलं. मुलं डबे घेऊन आली, तसा खुंटा म्हणाला, "डबे नकोत, बाई."

"मग स्पर्धेत काय करशील? चार दिवसांवर आलीय. तिथं सगळं ऐकत बसलीस तर हरशील."

"हरेन मग," ती म्हणाली. उद्धटपणे नव्हे. विचारलं म्हणून सांगितलं, असं.

बाईंनी मुलांना हातानंच जायला सांगितलं. पिपाणी आपल्या जागी आली, पण पोरींकडं सरळ तोंड करून उभी राहीना. आडवी उभी राहिली. एका डोळ्यानं पोरींकडे, दुसऱ्यानं झाडाकडे. तिला कुणी तसं शिकवलं नव्हतं.

"धरा," ती म्हणाली. घोगरी, हळू. "टेका."

दोर ताठ झाला. खुंटा मागं कलला, वर तेच आभाळ. पण आता कानांना दार राहिलं नव्हतं. सायकलची घंटी, कुणाचं तरी खोकणं, कुंपणापलीकडून गवताची सळसळ, सगळं आत येत होतं. त्या सळसळीनं तिची मान वळली.

कुंपणापलीकडच्या वाटेनं आई चालली होती. डोक्यावर गवताचा भारा, मजुरीचा, दुसऱ्या कुणाच्या गोठ्यासाठी. भारा बांधला होता एका जुन्या चादरीत. ती चादर पोरीची पांघरायची. गाठ ढिली, गवत चारी बाजूंनी गळतंय, आई एका हातानं भारा सावरतेय, दुसऱ्या हातानं गळलेलं गोळा करायला वाकतेय आणि वाकली की आणखी गळतंय.

"सैल," खुंटा म्हणाला.

हाळी पिपाणीची असायची. दोर ताठ असताना खुंटा आजवर कधी बोलला नव्हता. तरी आठही जणींचे हात सैल पडले.

झाडाचं टोक सोडून, दोर खांद्यावर टाकून ती कुंपणाखालून वाकून पलीकडं गेली. आईनं पाहिलं आणि चेहरा फिरवला.

"कशाला आलीस? खेळ जा. मला नाही लागत म्हटलं ना."

पोरीनं भारा खाली उतरवला, गळलेलं गवत गोळा केलं, दोराचे दोन वेढे दिले. गाठ मारली ती सरकणारी नाही, हे दोनदा ओढून पाहिलं. मग भारा उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर घेतला. दोराची उरलेली लांबी मागं पडली होती.

मैदानात सात पोरी आणि पिपाणी नुसत्याच उभ्या होत्या, हात रिकामे.

"थांबा गं," ती त्यांना म्हणाली, "टाकून येते." आणि वाटेला लागली. धप धप.

आई चादर घडी करत मागं उभी होती. दोन पावलं गेल्यावर तिचा आवाज आला, चिरका, नाकातला, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तसा.

"अगं ए बाळे! शेपूट उचल त्याचं! दोर मातीत लोळवत नेतेस, कुणाच्या बापाचा आहे तो?"

पोरीनं एका हातानं शेपूट उचललं. डोळे पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता.