कुवाबारांच्या जिभेवरचं कडू

चहाच्या बाजारात कुवाबारांच्या नाकाचा दरारा होता. चाळीस वर्षं त्यांनी वास घेऊन चहा विकत घेतला, आणि नेमकं यंदा, नव्या चहाच्या पहिल्या सौद्याच्या सकाळी, ते नाक चोंदलं. जपानमधल्या शिझुओकाच्या डोंगरांवर हिनोकीच्या झाडांचे पराग उधळले होते आणि कुवाबारा पहाटेपासून सटासट शिंकत होते.

"ॲलर्जीचा स्प्रे मारून जा," बायको फुमी म्हणाली. "आणि आधी औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी वाचा."

चिठ्ठी वाचायला ते काय नवशिके होते? बाजारात पोचल्यावर त्यांनी कोपऱ्यात जाऊन मान मागे टाकली, छताकडे बघत दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारला आणि जोरात आत ओढला. थोड्या वेळात नाक मोकळं झालं. औषध गुणी होतं. बरंचसं घशात उतरलं होतं ते मात्र कडूजहर. पण औषध कडू असायचंच, असं म्हणून ते टेबलापाशी आले.

पहिली वाटी चिझुरूच्या मळ्यातल्या चहाची. नवरा मागच्या हिवाळ्यात वारला, यंदाचा चहा तिनं एकटीनं केला होता. आज सौदा झाला नाही तर मळा दिराकडे जाणार, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

कुवाबारांनी घोट सुर्रकन ओढला, तोंडात घोळवला आणि थुंकला.

"कडू."

मागच्या आठ खरेदीदारांनी ओळीनं घोट घेतले. "कडूच हो," त्यांच्यातला इशिगामी म्हणाला. "कारलं परवडलं!"

"कडू नाहीये," चिझुरू म्हणाली. तिनं वाटी पुन्हा पुढे सरकवली. "काका, परत पिऊन बघा."

"पोरी, मी चाळीस वर्षं हेच करतोय."

दुसऱ्याची वाटी कडू. तिसऱ्याची कडू. आठही मुंड्या हलल्या. अख्ख्या डोंगराचा चहा एकदम कसा बिघडेल? तोंड खळबळायला त्यांनी किटलीतलं नुसतं गरम पाणी घेतलं. तेही कडू.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गप्प बसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, आणि क्षणभर त्यांना गप्प बसावंसं वाटलंच. पण समोर चिझुरू उभी होती.

त्यांनी तेच पाणी इशिगामीपुढे सरकवलं. "हा बघ बरं कसा आहे."

इशिगामीनं डोळे मिटून घोट घोळवला. "कडू. पण मघाच्यापेक्षा बरा."

"पाणी आहे ते, गाढवा!"

"कडू माझी जीभ आहे," कुवाबारा म्हणाले. "नाकात औषध मारलं तेव्हा मान वर केली, सगळं घशात गेलं. चहाचा काही दोष नाही." ते चिझुरूपुढे कमरेत वाकले. "चुकलो पोरी."

बाजार खो खो हसला. त्यांना हसू येईना. इतकी वर्षं आपल्यामागे आठ जिभा आहेत असं ते धरून चालले होते, आणि होती एकही नाही. याचं त्यांना खरंच वाईट वाटलं.

त्यांनी तिच्या वाटीतल्या ओल्या पानांचा वास घेतला. कोवळा, ताजा, सरळ. "नाक सांगतंय चहा चांगला आहे. चवीचं आज तू सांग."

चिझुरूनं घोट घेतला. "गोड आहे. पण शेवटी जरा तुरट लागतो. एका घाण्याला पानं वाफवताना वाफ कमी पडली, काका."

विकणाऱ्यानं आपल्याच मालाचा दोष सांगितल्याचं कुवाबारांना चाळीस वर्षांत आठवेना. त्यांनी हात पुढे केले. तिथे सौदा तीन टाळ्यांनी पक्का होतो. तिसऱ्या टाळीला चिझुरू ढसाढसा रडत होती, आणि मळा तिचाच राहिला होता.