वाघजाई उठेना

चिमणाबाई गुरवीण फाटक्या तोंडाची होती, हे सडेवाडीत सांगायला नको. देवीची पूजा करायची तीसुद्धा भांडत. रोज सकाळी दरीतल्या झऱ्यावरनं घागर आणायची, वाघजाईच्या डोक्यावर ओतायची आणि म्हणायची, “घे, न्हा! तुझं काय, बसल्या जागी पानी मिळतंय. आमच्या माना मोडल्या त्याचं कुणाला?”

वाघजाई म्हणजे मूर्ती नव्हे. वाडीच्या मधोमध, गुरवाच्या घराच्या भिंतीला लागून एक कट्टा, कट्ट्यात पालथ्या घागरीएवढा काळा गोटा. त्याला शेंदूर आणि चांदीचे दोन डोळे. नवरा गेल्यापासनं पूजा चिमणाबाईकडं आली. पोरगा कृष्णात बिद्रीच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला, घरात ती आणि सून शालूबाई, दोघीच. मागल्या साली शालूबाई पोटुशी असताना भरल्या घागरीसकट झऱ्याच्या वाटेवर घसरली आणि होत्याचं नव्हतं झालं. तेव्हापासनं चिमणाबाईचा त्या वाटेवर, त्या झऱ्यावर आणि खरं सांगायचं तर वाघजाईवरही राग होता. पण पूजा काही चुकवली नाही हो तिनं!

सड्याच्या, म्हणजे वाडी बसली होती त्या डोंगरमाथ्यावरच्या सपाटीच्या, पल्याडच्या टोकाला खाण होती. ॲल्युमिनियमची तांबडी माती निघायची तिथं. वरनंच उघडं खणत जायचं, भुयार नाही काही नाही. दुपारी सुरुंगाचा बार उडाला की वाडीतली भांडी फळीवर वाजायची. दरवर्षी तो तांबडा खड्डा वाडीकडं सरकत होता, आणि एका उन्हाळ्यात खाणीचे साहेब तलाठ्याला घेऊन वाडीत आलेच.

साहेबांनी सरळ सांगितलं. सगळ्यात चांगली माती वाडीच्या खाली आहे. पण जिथं राहती घरं आहेत तिथं खणता येत नाही, कायदा आहे. म्हणून सडेवाडीचं गावठाण मोडून ती जमीन खाणीकडं लावायची, आणि वाडीला पायथ्याशी नवं गावठाण द्यायचं. पक्क्या भिंती, कौलारू छप्पर, चौकात नळ. मात्र वाडीनं एकमुखानं हो म्हटलं पाहिजे.

नळ म्हटल्यावर चिमणाबाईनं कान टवकारले. बाकीची माणसं मात्र अळंटळं करायला लागली. कुणी म्हणालं बघू, कुणी म्हणालं वाडवडलांची जागा, कुणी म्हणालं देवीला सोडून कसं जायचं. तशी ती पदर खोचून उठली.

“देवीला सोडून कोन जातंय रं? गाव उठतं तवा देव म्होरं आन मानसं मागनं, हीच रीत हाय न्हवं? मग ठरलं. आदी आई उठंल, म्होरं चालंल. तिच्या मागनं आमी. आईला उठिवल्याबिगार एकबी घर उठायचं न्हाई. काय पावणं, हाय कबूल?”

साहेब हसले. “एवढा एक दगड ना, आजी? आमची माणसं सकाळच्या पारी काढून देतील.”

“तुमची मानसं हात लावनार न्हाईत. आमचा बादशा काढंल.”

बादशहा वाडीतला पाथरवट. जाती, पाटे, उंबऱ्याचे दगड त्याच्याच हातचे, आणि वाघजाईच्या कट्ट्याचं काम त्याच्या आज्यापासनं त्याच्या घराकडं. त्यानंही मान डोलावली. वाडीची तोंडं बंद झाली, आंगठे उठले. देवीचं नाव पुढं केल्यावर कोण आडवं येणार? चिमणाबाईला वाटलं, जिंकली. गोटा म्हटला की त्याला बूड असणार, हे माणूस धरूनच चालतं. खाली काय आहे ते कधी कुणी उकरून बघितलं नव्हतं, आणि बघायचं कारणही नव्हतं.

कागदं फिरायला आणि पायथ्याला भिंती उभ्या राहायला पावसाळा गेला. मार्गशीर्ष उजाडला. शालूबाईला पुन्हा दिवस गेले होते. पौष लागायच्या आत उठायचं ठरलं, आणि एका मंगळवारी बादशहानं बिस्मिल्ला म्हणून कट्ट्याला पहार लावली. चिमणाबाईनं हाळी दिली, “वाघजाईच्या नावानं चांगभलं!” सगळी वाडी ओरडली, चांगभलं!

कट्टा सुटला. माती उकरली. गोटा गुडघाभर खाली गेला आणि जात्याएवढा रुंद झाला. “आई अंगानं भरलीया,” कुणीतरी म्हणालं, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कमरेइतकं खणलं तेव्हा तो बैलगाडी मावेल एवढा पसरला होता. बादशहानं चार गडी हाताशी घेतले. दुसऱ्या दिवशी पुरुषभर खड्डा झाला, आणि दगड चहूकडं उतरतच होता. एका अंगानं तो चिमणाबाईच्या भिंतीखाली शिरला. बादशहानं तिच्या चुलीजवळ पहार मारून बघितली. तिथंही खण्ण! मग वाडीत हसणं राहिलं नाही. जो तो येऊन काठावर उभा राहायचा, बघायचा आणि मागं सरायचा.

शेवटी बादशहा वर आला. कपाळावरची माती पुसायचंही त्याला सुचलं नाही.

“काकी,” तो म्हणाला, “ह्येला बूड न्हाई.”

“बूड न्हाई म्हंजे? खुळा का काय तू?”

“तुमीच उतरून बगा.”

चिमणाबाई उतरली. खाली गार होतं. एकीकडं तांबडी माती आणि दुसरीकडं तो काळा दगड, वरनं खाली, डावीकडनं उजवीकडं, नजर ठरेना एवढा. पाऊस जाऊन इतके दिवस झाले तरी ओला होता. तिनं भीत भीत तळहात टेकला. ज्या गोट्याला ती रोज दोन हातांत धरून घासायची, तो वर कुठंतरी कडेला होता, इथनं तान्ह्या पोराच्या डोक्याएवढा दिसत होता. ती मटकन खाली बसली.

“अगं आयं…” ती दगडाला म्हणाली. “इतकी वर्सं मी नुस्तं तुझं डोस्कंच धुत आलो की गं!”

कुणी हसलं नाही. चिमणाबाईला एकदम भयानक लाज वाटली आणि त्याच्याहून मोठं काहीतरी वाटलं, त्याला तिच्याकडं शब्द नव्हता. आपण हिच्या अंगावर चूल मांडली. हिच्या अंगावर निजलो, बाळंत झालो, नवऱ्याचं मढं हिच्याच अंगावर न्हाऊ घातलं. आणि हिनं हूं की चूं केलं नाही. आपण तिला बसल्या जागी पाणी मिळतंय म्हणून टोमणे मारत होतो! तिनं थोबाडीत मारून घेतलं आणि दगडाला कपाळ टेकलं.

दुपारी साहेब जीपनं आले. काठावर आले आणि डोक्यावरची टोपी काढून तसेच उभे राहिले. आयुष्य दगडामातीत घातलेला माणूस तो, पण त्याच्याही तोंडातनं “बाप रे” एवढंच निघालं. मग त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

“आजी, हा काळा दगड आमच्या कामाचा नाही, आम्हाला तांबडी माती पाहिजे. असं करू. वरचा शेंदराचा भाग तेवढा कापून देतो. एका दिवसाचं काम. तो घेऊन चला. तुमची रीतही राहील आणि घरंही मिळतील.”

वाडीत दोन तट पडले. कापा म्हणणारे, आणि कापलं तर निर्वंश होईल म्हणणारे. त्या दुसऱ्यांचं म्हणणं, देवी उठत नाही म्हणजे आम्हीही उठत नाही, शब्द संपला. म्हणजे नळ गेला, नवी घरं गेली. सगळे चिमणाबाईकडं बघायला लागले, कारण अट तिचीच. बादशहानं छिनी काढली, हातोडा काढला आणि दोन्ही तिच्यासमोर ठेवलं.

“तुमी म्हनशिला तर लावतो, काकी. पन तुमच्या तोंडानं सांगा. माझं धाडस हुईना.”

मग चिमणाबाईनं कौल लावला. चाफ्याच्या दोन पाकळ्या ओल्या करून वाघजाईच्या दोन्ही अंगाला चिकटवल्या. उजवी पडली तर कापायचं, डावी पडली तर कापायचं नाही आणि जायचंही नाही. वाडी श्वास धरून बसली. उन्हं कलली. पाकळ्या जागच्या हलेनात. ओला दगड तो, पडणार कशा?

चिमणाबाई वाट बघून बघून चिडली. “बोल की! एवढी मोटी हाईस आन तोंडात गुळणी धरून बसलीस व्हय? मी काय करू ते तरी सांग!”

तेवढ्यात दरीच्या वाटेनं शालूबाई वर येताना दिसली. सगळी वाडी खड्ड्यापाशी, घरात पाण्याचा थेंब नाही, म्हणून कुणाला न सांगता पोर झऱ्यावर गेली होती. कमरेवर घागर, पोट पुढं, तोंड पांढरंफटक. वळणावर तिचा पाय सरकला. तिनं एका हातानं झुडूप धरलं, सावरली आणि घागर न सांडता तशीच चालत आली. सासूकडं बघून ओशाळल्यासारखं हसली.

चिमणाबाईनं पुढं होऊन तिच्या कमरेवरची घागर उतरवून घेतली. मग वळली.

“छिनी ठेव, बादशा.”

“म्हंजे ऱ्हायाचं?”

“आईचं डोस्कं कापून न्यायला आमी काय राक्षेस हाय? आन ऱ्हायाचं न्हाई. आई उठत न्हाई. तिनं का उठावं? समदा सडा अंगावर घिऊन बसलीया ती. ती ऱ्हाईल. आमी जातो.”

“आन रीत?” मागनं कुणीतरी ओरडलं.

“रीत केली तवा कुनाला ठावं हुतं आई केवडी हाय ते? घागरीएवढ्या देवाची रीत हुती ती! पाप लागलं तर मला लागू दे. गुरवीण मी हाय.” मग ती देवीकडं फिरली, आणि जी बाई नवरा मेला तेव्हा चारचौघांत रडली नव्हती ती ढसाढसा रडली. “आयं, राग धरू नगंस. पन पोटुशा सुनंला त्या वाटंला धाडून मी तुझी पूजा न्हाई करनार. जमायचं न्हाई मला.”

साहेबांकडनं तिनं एकच शब्द घेतला. तांबडी माती न्या, काळ्या दगडाला बार लावायचा नाही. साहेबांनी शब्द दिला, आणि पाळला.

पौषाच्या आत वाडी उठली. देवीच्या पालखीची जागा पुढं मोकळी सोडून माणसं मागनं चालली. चांदीचे डोळे चिमणाबाईनं वाघजाईवरच ठेवले होते.

नव्या गावठाणात चौकातला नळ खळाळून वाहायचा. आणि चिमणाबाईचं तोंड बंद झालं होतं. सकाळी घागर भरायची आणि कुणाच्या डोक्यावर ओतायची ते न कळून उभी राहायची. बायका कुजबुजायच्या, गुरवीण देवीला सोडून आली, आता सुनेचं काय होतंय बघा. ते तिला ऐकू यायचं. वर सड्यावर बार उडाला की ती आधी सुनेकडं बघायची. रात्रंदिवस तिला एकच भीती होती, की आई सुनेच्या पोटातल्या पोरावर राग काढणार.

चैत्रात शालूबाई बाळंत झाली. मुलगी. काळीसावळी, ठणठणीत, आणि रडायला लागली की पायथा दणाणायचा. “आज्जीवर गेलीया,” बादशहा म्हणाला, तेव्हा कुठं चिमणाबाई हसली.

सव्वा महिना झाला की लेकरू वाघजाईच्या पायावर घालायचं, हा वाडीचा शिरस्ता. साहेबांना निरोप धाडला. त्यांनी जीप पाठवली. चिमणाबाई, लेकीला पदराखाली घेतलेली शालूबाई आणि नारळ घेतलेला बादशहा असे तिघं सड्यावर गेले. खाणीच्या काठाशी जीप थांबली आणि तिघं खाली उतरले.

वाडी नव्हती. घरं नव्हती, वाट नव्हती, जमीनच नव्हती. जिकडं बघावं तिकडं नुसता तांबडा खोल खड्डा. आणि त्याच्या मधोमध वाघजाई उभी होती. भोवतीची माती जसजशी गेली तसतशी ती वर वर येत गेली होती. काळी, रुंद, चार घरं एकावर एक ठेवली तरी खांद्याला लागणार नाहीत एवढी. पार वर, आभाळाला लागून, दोन चांदीचे डोळे चमकत होते. खालचे ट्रकवाले तिच्यासमोरनं जाताना इंजिन बारीक करायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चिमणाबाई खड्ड्यात उतरताना दोनदा थांबली. भीती वाटत होती आणि डोळे तर हटत नव्हते. बुडाशी पोचून तिनं मान वर केली, तर डोक्यावरचा पदर मागं घसरला. पूर्वी बरं होतं, गोट्याच्या पुढ्यात पोर ठेवलं की झालं. आता ती दगडाच्या कडेकडेनं चालत राहिली, वाकून वाकून बघत राहिली.

“बादशा, आरं पाय कुटं हाईत हिचं?”

बादशहानं तांबड्या मातीत टाच रोवली. “अजून लागलं न्हाईत, काकी. मी खाणवाल्यास्नी इचारून आलोय. जेवडं खाली जावं तेवडी रुंदच हुतीया म्हनत्यात. ह्या मातीखालीबी तीच, आन आपल्या नव्या वाडीखालीबी तीच आसंल, कुनी सांगावं!”

चिमणाबाईचा हात छातीवर गेला. नव्या घरात तिनं चूल मांडली ती आठवली, शालूबाई बाळंत झाली ती खोली आठवली, आणि इतके महिने धरून ठेवलेला श्वास तिनं सोडला.

शालूबाई लेकीला घेऊन सासूच्या तोंडाकडं बघत उभी होती. “आत्याबाई, कुटं ठेवू हिला?”

“ठेव कुटंबी, पोरी,” चिमणाबाई म्हणाली. “पायावरच हाय.”