लायसनवरचं नाव

देवकाबाईचा अर्ज मी लिहिला. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळच्या आमच्या गावात मी मास्तर होतो, आणि कोर्टकचेरीचे कागद लोक माझ्याकडूनच लिहून घेत.

साल १९९१. तिच्या नवऱ्याने, महिपतने, रानडुकरांसाठी लायसन काढून नवी एकनळी बंदूक आणली होती. लायसनवर नाव त्याचं एकट्याचं. पण कापसाच्या दिवसांत तो सारखा आदिलाबादला असायचा, म्हणून बांधावर उभं करून त्यानेच तिला नेम धरायला शिकवलं. शाळेतून येताना मी ते पाहिलं होतं.

एका दुपारी डुकरं ज्वारीत शिरली. तिने चाप ओढला आणि नळीच फुटली. एक डोळा गेला, डाव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात ती म्हणाली, "जसं झालं तसंच लिवा, मास्तर. मी काऊन खोटं बोलू?"

मी तसंच लिहिलं. बंदूक मी चालवली, नळी फुटली, कारखान्याने भरपाई द्यावी. नळी तपासायला गेली. पोलादात पोकळी होती, ती बनवतानाच राहिलेली, असा अहवाल आला. आपण जिंकलो, असं मी तिला सांगूनही टाकलं.

ग्राहक कोर्टात कारखान्याचा वकील पोकळीबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याने महिपतला उभं केलं.

"बंदूक आपने दी थी इनको?"

'हो' म्हटलं तर बिनलायसनी माणसाच्या हाती हत्यार दिल्याबद्दल तोच आत जाणार होता. वकिलाने हे त्याला व्हरांड्यात आधीच समजावलं होतं.

"नाही साहेब," महिपत म्हणाला. "मी घरी नवतो. मले न इचारता काढली तिनं."

देवकाबाई उठली. "आवो, तुमीच तं शिकवलं मले! मास्तरानं पाह्यलं. इचारा त्याइले!"

सगळे माझ्याकडे वळले. महिपतचे दोघे भाऊ दाराशी उभे होते. आमची चार घरं गावाच्या टोकाला, आणि माझ्या वडिलांनी जन्मभर त्यांच्याच शेतात राबून खाल्लेलं. साहेबांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मला आठवत नाही."

बेकायदा हत्यार चालवणाऱ्याला भरपाई मिळत नाही, असा निकाल लागला. नळीतला दोष मात्र सिद्ध झाला होता, म्हणून कारखान्याने लायसनवरच्या मालकाला नवी बंदूक द्यावी, असाही हुकूम झाला. महिपतने ती सही करून घेतली.

मग पोलिसांनी देवकाबाईवर खटला भरला. पुरावा म्हणून माझा अर्ज होता, माझ्याच अक्षरातला. तिला एक वर्षाची सजा झाली.

अपिलाचा कागद लिहून मी तिला तुरुंगात भेटलो. या वेळी बांधावरचं सगळं त्यात लिहिलं होतं, साक्षीला माझं नावही घातलं होतं. गजांतून कागद आत सरकवला, शाईची डबी उघडली.

"काय लिवलं?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"आता आठवलं तुमाले?"

मी डबी पुढे केली. तिने कागद परत सरकवला. "तुमच्या कागदावर मी अंगठा देत नाही. जा."

अपिलाची मुदत होती तोवर मी आणखी दोनदा गेलो. ती भेटायला बाहेर आलीच नाही. पूर्ण वर्ष भोगून सुटली ती थेट माहेरी गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात महिपतने दुसरं लग्न केलं. पंगतीला मीही होतो.