कोकिळेच्या नावचं माह्यं घर

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी बांधून पाह्यलं. तुम्ही काही बांधू नका, पालात राहा, सुखी राहान.

आमचं गाव बुलडाण्याहून धाडले जाणाऱ्या रस्त्यावर हाये. माह्या नवऱ्याले, कचरूले, जाऊन सहा वर्षं झाली. पोरगा संघपाल तिकडे चाकणले कंपनीत हाये, वर्षातून एकदा येते. घरकुल मंजूर झालं तवा मी एकटीच होती. मिस्तरी एकच लावला, त्याच्या हाताखालचं सारं काम मी केलं. रेती चाळली, विटा वाह्यल्या, हापशीवरून पाणी आणून सकाळ-संध्याकाळ भिंतीवर मारलं. स्लॅब टाकला त्या दिवशी माह्ये हात सिमेंटनं असे खाल्ले होते का दोन दिवस भाकर थापता आली नाही. सरकारनं पैसे दिले, हाव, मी नाही कायले म्हणू? पण घर मी बांधलं. अन् सरकारच्या कम्प्युटरात ते घर कोकिळेचं हाये.

हे कसं झालं ते आधी ऐका, मंग मले शहाणपण शिकवा.

घरकुलाचा नियम असा हाये का घर पुरं झालं की इंजिनेर येते, घरवालीले घरासमोर उभं करते अन् मोबाइलवर फोटो काढते. त्या फोटोसंग जागा कोणती ते आपोआप वर जाते. मंग शेवटचा हप्ता येते अन् घराची नोंद तुमच्या नावानं पक्की होते. फोटो नाही तर घर नाही. तुम्ही त्या घरात सैपाक करा, आजारी पडा, मरा. फोटो नाही तर घर नाही.

आमचा इंजिनेर म्हणजे प्रसेनजित. आपल्याच समाजाचं पोरगं, मेहकरकडचं. आला का आधी जय भीम घाले, मले मावशी म्हणे, मी केलेली चटणी-भाकर मांडी घालून खाये. आपला पोरगा गाडीवर फिरून सरकारचं काम करून राह्यला, मले लय कौतुक होतं त्याचं. जळो ते कौतुक.

दोन वर्षांमागं मार्च सरत आला तवा तो घाईघाईत आला, अन् संग कोकिळेले घेऊन आला. कोकिळा म्हणजे वरच्या आळीतल्या पंजाबरावाची बायको. आम्ही दोघी वीस वर्षं एकाच टोळीत निंदायले, कापूस येचायले गेलेल्या. तिलेही घरकुल मंजूर होतं, दुसऱ्या योजनेतून. आमची गल्ली सुरू होते त्या कोपऱ्यावरच तिची जागा. भिंती उभ्या राह्यल्या अन् पंजाबरावाचं किडनीचं दुखणं निघालं. घराचा पैसा दवाखान्यात गेला. भिंती तशाच राह्यल्या, वर आभाळ. इकडे प्रसेनजितले वरून तंबी आली होती का महिनाअखेर सारी घरं पुरी दाखव, नाहीतर तुह्यं कंत्राट संपलं. तो माह्यासमोर हात जोडून उभा. म्हणे, मावशी, फोटोपुरतं कोकिळाताईले तुमच्या घरासमोर उभं राहू द्या, दोन मिनिटाचं काम हाये, तुमचा फोटो मी पुढच्या आठवड्यात काढतो.

मी हो म्हणलं. आता गावातले शहाणे म्हणतात, काऊन हो म्हणलं? अवं, आमच्या गावात पोरगी पाहायले पाहुणे येतात तवा खुर्च्या एकाच्या, कपबशा दुसऱ्याच्या, अन् घर पडकं असलं तर बैठकही तिसऱ्याच्या घरी होते. पाहुण्यायले कोणी सांगत नाही, अन् पाहुणेही इचारत नाहीत, त्यायच्या गावातही तसंच चालते. सोयरीक जमली की खुर्च्या परत. मले वाटलं, सरकारही पाहुणाच हाये. येईन, पाहीन, चहा पिऊन जाईन.

कोकिळा ओट्याखाली पदर घेऊन उभी राह्यली अन् फोटो निघाला.

पुढच्या आठवड्यात प्रसेनजित माह्या फोटोले आला तर मोबाइल घेईनाच. या जागेवर एक घर आधीच हाये, म्हणे. तो चार पावलं मागं सरकला, डावीकडून काढला, उजवीकडून काढला. नाहीच. मी म्हणलं, मंग कोकिळेचा खोडून टाक. तो म्हणे, तिचं पक्कं झालं मावशी, त्याले आता कोणाचाच हात लागत नाही, तुमचं बसवू कसंतरी. त्या 'कसंतरी'त दोन वर्षं गेली. बुलडाण्याच्या चकरा मारून माह्या चपला झिजल्या. दर खेपेले एकच बोलणं, होते मावशी, होते.

अन् यंदा तपासणी लागली. बाहेरची एक मॅडम हातात फोटो घेऊन घरोघर फिरणार होती. ग्रामसेवक गुलाबराव अन् प्रसेनजित माह्या ओट्यावर येऊन बसले अन् दोघांनी मिळून मले समजावलं. मॅडम फक्त कोकिळेच्या योजनेची घरं पाहणार, तुमच्या योजनेचा कागद तिच्यापाशी नाही. तवा त्या दिवशी तुम्ही वावरात जा, कोकिळा इथं उभी राहीन, घर माह्यं म्हणीन, मॅडम टिक मारीन अन् जाईन. तिची फाइल बंद झाली का प्रसेनजित मागच्या दाराकडून तुमच्या घराचा फोटो काढीन, तिकडून जागा वेगळी पडते म्हणे. हे दोन वर्षांत काऊन सुचलं नाही, असं मी इचारलं. दोघंही रस्त्याकडे पाहू लागले.

मंग कोकिळा एकटी आली. गल्लीतच उभी राहून रडली. पंजाबरावाले आठवड्यातून दोनदा जीपनं बुलडाण्याले न्या लागते, वसुली निघाली तर विकायले अंगावरचं लुगडं राह्यलं, म्हणे. माह्यं काळीज काही दगडाचं नाही. अन् खरं सांगू, मलेही माह्यं घर पाह्यजे होतं. ही एक खोटी गोष्ट पार पडली का माह्यी खरी गोष्ट पुढं सरकणार होती. मी म्हणलं, बरं, म्हण तुह्यं घर. पण एकदा आत येऊन पाहून घे, मॅडमनं काही इचारलं तर काय सांगशीन?

तिनं दाराकडे पाह्यलं. म्हणे, राहू दे व, घरासारखं घर. अन् गेली.

मले ते लागलं. लागायचं काही कारण नव्हतं म्हणा, वीस वर्षांत ती कधी माह्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. वावरात एका धुऱ्यावर बसून जेवलो, पण तिची भाकर तिच्या फडक्यात अन् माह्यी माह्या. बोललं कोणीच नाही कधी.

तपासणीच्या दिवशी मी वावरात गेली नाही. आपलं घर दुसऱ्याचं होऊन राह्यलं अन् आपण तुरी निंदायच्या, हे मले जमलं नाही. समोर आशाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. आशाबाई माह्यी शेजारीण, तिनं सरकून जागा दिली.

मॅडमचं नाव सुवर्णा. वाळकी बाई, चेहरा उन्हानं लाल झालेला, अंगावर रस्त्याची धूळ. गुलाबराव पुढं, प्रसेनजित मागं. अर्धी गल्ली जमली होती, वरच्या आळीतलेही आले होते, कोकिळेची सासू काठी टेकत सगळ्यायच्या पुढं. मॅडमनं फोटो पाह्यला, घर पाह्यलं, कोकिळेले पाह्यलं. तीच भिंत, तोच ओटा, तीच बाई. कागदावर टिक मारली. प्रसेनजितनं रुमाल काढून तोंड पुसलं. गुलाबराव तर पंचायतीत चहा सांगितला हाये म्हणून चालूही लागला होता.

मॅडमनं पेन पर्समध्ये टाकला अन् म्हणाली, "ताई, घोटभर पाणी द्या हो. सकाळपासून फिरतेय."

कोकिळा जागची हलली नाही.

दार सताड उघडं होतं. मी बसली होती तिथूनही माहा माठ दिसत होता, त्याच्यावर तांब्या पालथा. पाच पावलं आत जायचं, तांब्या भरायचा, आणून द्यायचा. कोकिळेनं एक पाय उचलला, अन् सासूकडे पाह्यलं. बुढी नुसती पाहत होती. कोकिळेचा पाय पुन्हा खाली आला.

"शेजारून आणते," ती म्हणाली.

"तुमच्या घरात पाणी नाही?"

"माठ रिकामा हाये."

मॅडमनं दारातून डोकावलं. माठ काठोकाठ भरलेला, बाहेरून पाझरून राह्यलेला. ती चपला काढून आत गेली. आत समोरच्याच भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब अन् बाजूले कचरूचा हार घातलेला फोटो. मॅडम बाहेर आली अन् हळूच इचारलं, ताई, तो हार घातलेला फोटो कोणाचा? कोकिळेचा नवरा घरी खाटेवर जिता. ती खाली मान घालून उभी राह्यली. साऱ्या गल्लीले माहीत होतं काय होऊन राह्यलं ते.

मंग मी उठली. कोणाकडे पाह्यलं नाही. घरात गेली, तांब्या भरला, बाहेर येऊन मॅडमच्या हातात दिला.

"घर माह्यं हाये बाई," मी म्हणलं. "पाणी प्या."

ती प्याली. सारा तांब्या प्याली. मंग ओट्यावर बसून तिनं मले इचारलं अन् मी अगदी पहिल्यापासून सांगितलं. फोटो कोणी काढला, कोणाच्या म्हणण्यावरून काढला, माहा फोटो मोबाइल काऊन घेत नाही, सारं. तिनं शब्द न् शब्द लिहिला, मले वाचून दाखवला अन् माह्यी सही घेतली. बाई चांगली होती, मी तिले बोल लावत नाही. ती गेली तवा मी मलेच म्हणलं, सुटली रुख्मिणी. दोन वर्षांनी घर माह्यं झालं. दुसऱ्या दिवशी मी शिरा केला अन् साऱ्या गल्लीत वाटला. काय पण मूर्ख बाई मी.

तीन महिन्यांनी नोटीस आली, ती माह्या नावानं.

गुलाबरावानं वाचून दाखवली अन् कागदावरची नजर काही वर केली नाही. सदर जागेवर कोकिळा पंजाबराव यांचं घरकुल पूर्ण असल्याची नोंद हाये. सबब रुख्मिणी कचरू यांनी घरकुल बांधलं नाही असं दिसून येते. घेतलेली सारी रक्कम महिन्याभरात परत करावी, नाहीतर वसुली.

मी बुलडाण्याले गेली. मॅडमनं लिहिलेलं खरं तिथं होतं, मोठ्या साहेबाच्या टेबलावर, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. साहेब गोडीनं बोलला. म्हणे, बाई, पूर्ण झालेलं घर अपूर्ण दाखवलं तर साऱ्या जिल्ह्याचा आकडा खाली येते, मुंबईहून खुलासा मागतात. तुमचं अजून अपूर्णच हाये, ते रद्द करणं सोपं. मी म्हणलं, साहेब, चला, गाडीत बसा, मी घर दाखवते. तो म्हणे, घर असेल हो, नाही कोण म्हणते? अन् प्रसेनजित? त्याले एक वर्षाची मुदतवाढ भेटली. ज्यानं फोटो काढला तो फोटोत नसते ना. चोर सोडून संन्याशाले फाशी, ते हेच.

आता एकच रस्ता होता. कोकिळेनं ग्रामसभेत उभं राहून म्हणायचं अन् लिहून द्यायचं का ते घर माह्यं नाही. मी तिच्याकडे गेली. ती त्या बिनछताच्या भिंतींच्या आत शेण्या थापत होती. मी सारं सांगितलं. तिनं हात थांबवले नाहीत. म्हणे, ते लिहून दिलं तर वसुली माह्यावर येते, अन् पंजाबरावाचं जीपभाडंही मले उसनं घ्या लागते. माह्याच्यानं होत नाही रुख्मिणबाई, तू मले पाहिजे तेवढ्या शिव्या दे.

शिव्या तोंडात आल्या होत्या. पण तिच्या गळ्याची हाडं दिसत होती अन् डोक्यावर छत नव्हतं. मंग माह्या तोंडून भलतंच निघालं.

मी म्हणलं, "मंग ये, राह्य त्यात. नवऱ्याले घेऊन ये, स्लॅबखाली झोपव त्याले. कागद तुह्या नावचा हाये. मी जाते संघपालकडे."

ते मी रागानं बोलली का खरं, मले अजून माहीत नाही. कदाचित खरंच बोलली. दोन घरं अन् दोन बाया, एक तरी कोरडी राहीन असं वाटलं असेल.

कोकिळेचे हात थांबले. तिनं गल्लीच्या आतल्या बाजूले पाह्यलं, माह्या घराकडे, अन् मंग शेणाच्या हाताकडे.

"तिथं?" ती म्हणाली. "तिथं कसं राहू व आम्ही?"

मी घरी आली अन् ओट्यावर बसून पोटभर रडली. नोटीस आली तवा रडली नव्हती. सरकारनं माह्यं घर जिच्या नावानं केलं, ती त्यात पाय ठेवायले तयार नाही, अन् जिनं ते हातानं बांधलं, तिनं बांधलंच नाही असा शिक्का हाये. पैसे भरायची मुदत येत्या सोमवारी संपते.