घरच्या घरी हँडल

"काका, गाडीवर बसा बघू. हात पुढे करा. हां, असे. आता क्लच दाबा."

शोरूमच्या मागच्या शेडमध्ये निळ्या कपड्यांतला मेकॅनिक नवं हँडल घेऊन उभा होता. हँडल चालवणाऱ्याच्या हाताला बेतून बसवावं लागतं, म्हणून आधी गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून बघायची तिथली पद्धत. आमचे हे बसले. उजवा हात मुठीवर ठेवला. डावा मांडीवरच राहिला.

"बसवायची मजुरी वेगळी का?" ह्यांनी विचारलं.

"वेगळीच की, काका."

"मग राहू द्या. हँडल तेवढं बांधून द्या. मी घरच्या घरी बसवीन."

"अहो, वायरी असतात, केबली असतात. एखादी ओढली गेली तर वळणावर पंचाईत होईल."

"जन्म गेला माझा शिलाई मशिनी उघडण्यात. हे काय, दोन नळ्या आणि चार बोल्ट."

बाकावर बसलेल्यांपैकी एकजण शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला, "चमडी गेली तरी दमडी सुटणार नाही." ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं. मला वाटलं, आता हे तडकणार. पण ह्यांचा चेहरा तर चक्क सुटल्यासारखा झाला.

ह्यांचा चिक्कूपणा सगळ्या बाजाराला ठाऊक. जुन्या साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारा माणूस. वाकडे खिळे सरळ करून ठेवतात आणि वापरायची वेळ आली की तेही जिवावर येतं. त्या दिवशी मात्र मला कळलं, की हा चिक्कूपणा त्यांच्या चांगलाच कामाला आला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पैशासाठी गाडी परत नेली असंच लोक म्हणणार, हाताचं कोणाच्या मनातही येणार नाही.

वाकड्या हँडलची गाडी ढकलत हे पुढे आणि कागदात गुंडाळलेलं ते लांबडं धूड सांभाळत मी मागे, असे आम्ही भर बाजारातून घरी आलो.

हँडल वाकलं त्याची गोष्ट अशी. त्याच्या आदल्या आठवड्यात मोठ्या चौकात लाल दिव्याला आम्ही थांबलो होतो. गाडी गिअरमध्ये, ह्यांनी डाव्या हातानं क्लच दाबून धरलेला, मी मागे पिशवी घेऊन. दिवा लाल असतानाच गाडीनं एकदम उडी घेतली आणि समोरच्या दुभाजकावर जाऊन आपटली. माझं कोपर सोलवटलं, ह्यांचा गुडघा. लोक उचलायला धावले. त्यांना हे म्हणाले, "कुत्रं आडवं आलं."

घरी लेकीला सांगताना ते कुत्रं काळं होतं. शेजारच्यांना सांगेपर्यंत तांबडं झालं. चार दिवसांनी टेलरला सांगितलं तेव्हा बिचारं एका पायानं लंगडत होतं. मी मागच्या सीटवर होते. त्या चौकात कुत्रं नव्हतं.

शर्टाची बटणं लावायला ह्यांना वेळ लागतो, बरणीचं झाकण "तूच बघ गं" म्हणून माझ्याकडे येतं, हे मी कधीचं बघत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मानेतली शीर दबली आहे, डाव्या हातातली ताकद जात राहील. दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. आम्ही समोर असलो, की हे तो चेंडू जोरजोरात दाबायचे. उजव्या हातानं.

मशिनी दुरुस्त करण्यापुरतं उजव्या हातावर भागत होतं. प्रश्न गाडीचा होता. शिलाई मशीन उचलून कोणी मेकॅनिककडे आणत नाही, मेकॅनिकला तिच्याकडे जावं लागतं. आज वरच्या वस्तीतला टेलर, उद्या नदीपलीकडचा गणवेशांचा कारखाना. जो वेळेवर पोचतो त्याचं काम. गाडी सुटली की काम सुटलं, आणि काम सुटलं की हा माणूस घरात बसून काय करणार? घरात नुसते बसलेले हे मी कधी पाहिलेच नव्हते.

रविवारी सकाळी त्यांनी अंगणात गोणपाट अंथरलं. सुटा भाग जिथून निघाला त्याच क्रमानं त्यावर मांडायचा, ही त्यांची मशिनीची शिस्त. मला मदतनीस म्हणून बसवलं.

"मूठ ब्लेडनं कापू का?" मी विचारलं. जुनी रबरी मूठ हँडलला घट्ट चिकटली होती.

"कापतात ते शोरूमवाले. साबणाचं पाणी आण."

तारेनं कड उचलून त्यांनी आत साबणाचं पाणी सोडलं, पिळा दिला आणि मूठ अलगद हातात आली. मग आरसे, दिव्यांची बटणं, पुढचा ब्रेक. एकेक करून सगळं गोणपाटावर आलं. क्लचची दांडी सोडवताना डाव्या हातातला बोल्ट निसटला आणि कुंडीखाली गेला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा मी आपली हाताची ओंजळ खाली धरून बसले.

"अशी काय बसलीस? देवळात आहेस का?"

"हात मोकळेच होते, म्हटलं उपयोगाला येतील."

ते हसले. बोल्ट माझ्या ओंजळीत पडला.

दुपारपर्यंत नवं हँडल चढलं. काम असं सफाईदार, की शोरूमवाल्यानं तोंडात बोट घातलं असतं. गाडी चालू करून त्यांनी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, मग पूर्ण उजवीकडे, आणि कान देऊन ऐकलं. केबल ताणली जात असली तर इंजिनाचा आवाज आपोआप वाढतो म्हणे. आवाज हलला नाही. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, की लग्नानंतर पहिल्यांदा गाडी घेऊन दारात आले होते ना, तेव्हाचे हे आठवले.

मग ते गाडीवर बसले आणि त्यांनी क्लच दाबला.

दांडी निम्मी आली आणि थांबली. त्यांनी जोर लावला. दांडी बोटांतून सुटली.

"हँडल जरा वर हवं," ते म्हणाले.

बोल्ट ढिले केले, हँडल वर केलं, बोल्ट आवळले. बसले, दाबलं. मग ते खाली केलं. मग दांडीच तेवढी तिरकी केली, केबलला तेल सोडलं. उन्ह अंगणाच्या ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलं. जेवायला हाक मारली तर "हे एवढं होऊ दे." मला रडू येत होतं आणि रागही. घ्या ना हो मान्य करून एकदाचं, असं ओरडावंसं वाटत होतं. पण ते ज्या आशेनं दर वेळी पाना उचलत होते, ती मोडायला माझी जीभ रेटली नाही.

संध्याकाळी लेक कामावरून आली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, त्या गणवेशांच्या कारखान्याच्या वाटेवरच. शिकत असताना ह्यांनीच तिला ह्या गाडीवर तयार केलं होतं. तेव्हा हँडलपर्यंत पोचायला तिला पुढे झुकावं लागायचं आणि पाठ दुखायची म्हणून तिनं ती सोडली.

"बाबा, अजून झालंच नाही? शोरूमला दिली असती तर एव्हाना..."

मी डोळे मोठे केले.

हे गाडीवरच बसलेले होते, दोन्ही हात मांडीवर. बऱ्याच वेळानं उतरले. बोल्ट पुन्हा ढिले केले.

"ये. बस इथं."

"मी?"

"बस म्हणतो ना."

ती पर्स मला देऊन बसली.

"पाठ सरळ. खांदे सैल सोड. पुढे झुकू नकोस. आता डोळे मीट आणि हात जिथे जातील तिथे जाऊ देत."

तिनं डोळे मिटले आणि हात पुढे केले. ह्यांनी हँडल हळूच उचलून तिच्या तळहातांत आणून ठेवलं.

"दाब क्लच."

तिनं दाबला. दांडी मुठीला जाऊन टेकली.

"बाबा, चालवणार तुम्ही आणि माप माझं का घेताय?"

तिला उतरू न देताच ते बोल्ट आवळायला लागले. एका कोपऱ्यातला थोडा, मग समोरचा थोडा, पुन्हा पहिला, म्हणजे दाब सगळीकडे सारखा येतो. मी पाना पुसायचं फडकं घेऊन शेजारी बसले होते. शेवटचा बोल्ट आवळताना, मान वर न करता, ते माझ्याशी बोलले.

"कुत्रं नव्हतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी मागेच होते की."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही इतकं छान रंगवत होता त्याला."

त्यांनी पाना माझ्या हातात दिला. त्यांचा डावा हात मी धरला, तो त्यांनी काढून घेतला नाही. लेकीला तेव्हा सगळं कळलं असावं, कारण ती गाडीवरून उतरेचना, हँडलकडे बघत तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणवेशांच्या कारखान्यातून फोन आला. दोन मशिनी अडल्या होत्या.

"मी सोडते ना, बाबा. माझ्या वाटेवरच आहे," लेक म्हणाली आणि तिनं गाडी दारासमोर आणली. हे हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून बाहेर आले आणि गाडीच्या मागे जाऊन नुसते उभे राहिले. कुठून चढायचं हेच त्यांना उमगेना. इतकी वर्षं गाडी ह्यांची, पण मागच्या सीटवर ते कधी बसले नव्हते. मला बसायचं असलं, की ते पुढूनच बुटाच्या टाचेनं मागचा फुटरेस्ट उघडून द्यायचे, मागे वळूनसुद्धा न बघता. मला तो कधी स्वतः उघडावा लागला नाही.

मी खाली वाकले आणि हातानं तो उघडला.

"डावा पाय इथं ठेवा आधी."

"कळतंय मला," ते म्हणाले आणि पाय ठेवला.

मी मागे बसले की ह्यांचं एकच पालुपद असायचं. खांदा धरू नकोस, हँडल हलतं, मागची दांडी धर. गाडी निघाली तेव्हा हे नेमके तेच विसरले. डावा हात त्यांनी लेकीच्या खांद्यावर ठेवला. तिनं वळणापर्यंत गाडी अगदी सावकाश नेली.

मी अंगणातलं गोणपाट झटकलं आणि घडी करून ठेवलं.