दहा अव्वल पेरूवाले

मोनाने फळमाशीवर लेख लिहिला होता. चांगला, नेटका, बागेबागेत हिंडून लिहिलेला. महिना उलटला तरी तो तिच्या आईनेसुद्धा पुरता वाचला नव्हता.

"लेख छान आहे गं," बारामतीजवळच्या जळोचीच्या ऑफिसात तिचा साहेब अद्वय म्हणाला, "पण याची लिंक कोण देणार? दुसऱ्या साइटवाल्यांनी आपल्या पानाकडे बोट दाखवलं, तरच गूगल आपल्याला वर घेणार. असं काही लिही, की लोकांना राहवलंच नाही पाहिजे."

हे तो दर सोमवारी सांगायचा आणि वर कॉफी मागवायचा. क्लायंट म्हणजे पेरूच्या फळांना घालायचा फोम आणि पिशव्या विकणारी कंपनी. आता फोम बघून कुणाला राहवणार नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक. मोनाने शेवटी वैतागून डोकं चालवलं. आपल्याकडच्या माणसाला दुसऱ्याचं ज्ञान नको असतं, स्वतःचं नाव छापून आलेलं हवं असतं. लग्नपत्रिकेत चुलत्याचं नाव राहिलं तर वर्षानुवर्षं बोलणं टाकणारी माणसं आपण. तिने मथळा दिला, ‘इंदापूर तालुक्यातले दहा अव्वल पेरूवाले’.

बागा तिने पाहिलेल्या होत्या, त्यामुळे नावं भराभर सुचली. पहिलं नाव आपोआप पडलं ते महिपती, कळंब. म्हणजे तिचे वडील, आबा. तालुक्यात तसा पेरू दुसरा नव्हता, आणि हे ती मुलगी म्हणून म्हणत नव्हती. पण मुलगी होती, हीच तर पंचाईत. लोक म्हणणार, पगार कंपनीचा घेते आणि माल बापाचा खपवते. त्यातून हैदराबादचे व्यापारी लखनशेठ त्याच आठवड्यात कळंबला बाग ठरवायला यायचे होते. सबंध बागेचा जागेवर सौदा. आबांचं सगळं वर्ष त्याच्यावर. अशा वेळी आबांचं नाव घालणं तिला फारच उघडं वाटलं. तिने ते काढलं आणि बांधाला बांध असलेल्या अविराजचं घातलं. आपण किती प्रामाणिक आहोत, याचं समाधान तिला त्या दिवशी पुष्कळ मिळालं.

लेख सुसाट सुटला. अविराजच्या भाच्याने आपल्या यूट्यूब चॅनेलखाली लिंक दिली, तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या पोर्टलांनी दिली, एका शेतकरी गटाने दिली. अद्वयने पेढे वाटले. मग फोन सुरू झाले. नाव राहिलेला प्रत्येक जण मोनाला झापत होता. सांगवीच्या एका गृहस्थांची तर द्राक्षं, तालुकाही बारामती, तरी ते रुसले. उत्तरं देऊन देऊन तिच्या तोंडाला फेस आला. आबांचा तेवढा फोन आला नाही. त्यांना आपलं मन कळलं असणार, असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

रविवारी ती कळंबला गेली. आई, द्वारकाबाई, ओट्यावर बसली होती. तिने पाणी दिलं नाही, बस म्हणाली नाही.

"शेठ येऊन गेला," ती म्हणाली. "अविराजची बाग घेतली."

"आणि आपली?"

"शेठच्या मोबाइलात तुजं ते पान हुतं. म्हनला, पोरगी बागा बगत फिरती न् बापाचंच नाव न्हाय. म्हंजी तिला ठावं असंल मालात काय हाय ते. गाडीतनं उतारला बी न्हाय."

मोनाने तिथूनच अद्वयला फोन लावला. आबांचं नाव घालते, दहाचे अकरा करते, म्हणाली.

"आता त्या पानाला हात लावायचा नाही," तो शांतपणे म्हणाला. "दहा म्हणून लोकांनी लिंका दिल्यात. आणि एक वाढवलास, की उरलेले सगळे दारात येऊन बसतील."

यातलं दुसरं खरं होतं, म्हणून तिला जास्तच चीड आली. फोन कालव्यात भिरकावून द्यावा असं वाटलं. सगळ्या जगाला राहवत नव्हतं, आणि तिच्या बापाची बाग तशीच उभी होती.

आबा बागेत होते. झाडाखाली उभं राहून एका फळाची पिशवी सोडून, फोम बाजूला सारून ते फळ निरखत होते. तिची चाहूल लागली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

"खरं सांग, मोना," ते म्हणाले. "औंदा माल मागल्यापरीस उतरलाय का? सकाळधरनं बगतोय. मला तर काय खोट दिसंना."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. चार माणसांत शिव्या घातल्या असत्या तरी तिने ऐकून घेतल्या असत्या. तिला स्वतःचाच भयंकर संताप आला.

"आबा, माल येक नंबर हाय. तुमचं नाव सगळ्यात वर हुतं. म्हनून तर काढलं मी. लोकं नावं ठेवतील म्हनून."

आबांनी फोम नीट सारखा केला, पिशवी पुन्हा बांधली.

"व्हय," ते म्हणाले. "पन माजं नाव वर हुतं, ह्ये तू मला हितं बागंत सांगतीस. अविराजचं तू समद्या मुलखाला सांगितलंस."